पिकअपले बसचं इंजिन

टेकडीच्या गणपतीची शपथ, कोराडीच्या देवीची शपथ, अन् तेवढ्यानं भागत नसन तर नुकत्याच काढलेल्या माझ्या मोतीबिंदूची शपथ! गच्चीवर उभी राहून ओरडून सांगते, का ह्या गोष्टीतला शब्द न् शब्द खरा आहे. ज्याले पटत नसन त्यानं सक्करदऱ्यात येऊन कोणालेबी विचारावं. लोकं तोंडावर हात ठेवून हसतीन, पण खोटं आहे असं कोणी म्हणणार नाही.

तर आमच्या गल्लीतल्या विश्वनाथनं रिटायर झाल्यावर एक जुनी पिकअप घेतली. रिटायर झाल्यावर कोणी योगा करते, कोणी कुंडीत टमाटे लावते, कोणी पहाटे पहाटे मोबाईलवर लोकाईले देवाचे फोटो पाठवते. ह्यानं पिकअप घेतली. कायले, ते त्यालेच माहीत नव्हतं. सरकारी ऑफिसात हेडक्लार्क होता. खालून आलेलं वर पाठवायचं अन् वरून आलेलं खाली, ह्यात डोक्यावरचे केस गेले बिचाऱ्याचे. घरात सोफा बायकोनं ठरवला, पडदे बायकोनं ठरवले, चष्म्याची फ्रेम दुकानदारानं ठरवली. जन्मात कोणाले न विचारता घेतलेली वस्तू म्हणजे ही पिकअप. त्याच्यामुळं त्याचा जीव तिच्यात असा अडकला, जसं पहिलं लेकरू.

आता गाडी सपाट रस्त्यावर बरी चाले. पण नागपुरात सपाट रस्ता ठेवला आहे कुठं? जिकडं पाहा तिकडं उड्डाणपूल. पूल दिसला का पिकअपले दम लागे. निम्म्यावर जाऊन थांबे, अन् मंग हळूहळू मांगं सरके. म्हणून त्याची बायको यमू मांडीवर टॉवेलात गुंडाळलेली वीट घेऊनच गाडीत बसे. गाडी थांबली का विश्वनाथ ओरडे, "यमू, वीट!" अन् यमू पदर खोचून, उतरून, चाकामांगं वीट लावे. बाजूनं सायकलीवाले घंटी वाजवत पुढं जात. एकानं तर थांबून तिले रस्ता विचारला. त्याले वाटलं ही पुलावरच ड्युटीवर आहे.

तरी यमूनं सहन केलं. पण मनीषनगरात तिच्या भावाच्या, जितेंद्रच्या, नव्या घराची वास्तू होती, तिथं घोटाळा झाला. पूल चढताना दोनदा उतरावं लागलं, उशीर झाला, अन् घाईघाईत यमू भरजरी शालूत हातात वीट घेऊन तशीच मांडवात शिरली. जितेंद्र सगळ्या पाहुण्याईसामोर म्हणे, "ताई, उशिरा आणली वं तू. घर तर बांधून झालं माझं."

मांडव हसला. यमू हसली नाही. घरी आल्यावर जे बोलली ते असं:

"मारबतीपर्यंत थांबते मी. तोवर ही गाडी विटेबिगर पूल चढली तर ठेवा खुशाल, मी स्वतः ओवाळीन तिले. नाही चढली तर मारोतराव कबाडी दोर घेऊन दारात उभा राहीन."

मारबत म्हणजे आमच्या नागपूरचं खास. पोळ्याच्या दुसऱ्या दिवशी निघते. बांबू-कागदाची ही एवढी मोठी बाई, एक पिवळी अन् एक काळी, सगळ्या गावाची इडा-पिडा अंगावर घेऊन जाणारी. तिच्यामांगं गल्लीगल्लीचे बडग्ये, म्हणजे मोठमोठे बाहुले. ज्या गोष्टीचा लोकाईले ताप झाला, तिचा बडग्या. लोकं ओरडतात, "घेऊन जा गे मारबत!" अन् शेवटी सगळं जाळून येतात. जे तिकडं गेलं ते गेलं. घरी परत आणत नाहीत.

विश्वनाथच्या जिव्हारी लागलं. पण माणसाचा मान दुखावला का तो गप बसत नाही, तो अजून फसते. हा तडक नत्थूजीच्या किराणा दुकानात गेला अन् चार गिऱ्हाइकाईसामोर बोलून बसला, "औंदा आपल्या गल्लीचा बडग्या माझ्या पिकअपवर जाईन. पूल चढून जाईन!"

नत्थूजी म्हणजे गल्लीचं हायकोर्ट. साबुदाणा तोलता तोलता निकाल देते. म्हणे, "विश्वनाथ, तुह्या गाडीचं वय झालं नाही गा. तिचं काळीज छोटं आहे. मोठं इंजिन बसव."

झालं! एकानं सल्ला दिला का आमच्या गल्लीत बाकीच्याईले अपचन होते. मीराबाई म्हणे, गाडीले नजर लागली, पुढच्या चाकाले काळा धागा बांधा. भीमाबाई, जिच्या म्हशी आहेत, म्हणे, तेलात मेथ्या टाकून पाजा. एक जण म्हणे ट्रॅक्टरचं इंजिन बसवा, दुसरा म्हणे बोअरवेलच्या मशीनचं. विश्वनाथनं सगळ्याईचं शांतपणे ऐकलं, जसं ऑफिसात ऐकत होता, अन् त्यातलं सगळ्यात वाईट निवडलं.

लकडगंजात चंद्रभान मिस्त्रीचं गॅरेज होतं. चंद्रभानच्या तोंडात सदा तंबाखू-सुपारीचा खर्रा, त्याच्यामुळं त्याचं अर्धं बोलणं कळे, अर्धं नाही. विश्वनाथनं कळलेल्या अर्ध्यावर हो म्हटलं.

"काकाजी, इंजिन पायजे तं दमदार पायजे ना! एका बसचं पडलं हाय माह्याकडं. बस मेली बिचारी, पन इंजिन जित्तं हाय."

"बसचं? पिकअपमध्ये? मावेल का हो ते?"

"मावते ना. नाई मावलं तं माववतो."

अन् त्यानं माववलं, बाप्पा! पहिले बॉनेट काढलं. इंजिन मावलं नाही. मंग आतला पत्रा कापला. इंजिन अर्धं आत आलं, अर्धं बाहेर राहिलं, जसं लग्नघरात अवघडलेला पाहुणा. मंग मधली सीट काढली. शेवटी इंजिन येऊन बसलं ते सरळ कॅबिनमध्ये, ड्रायव्हरच्या अन् बाजूच्या सीटच्या बरोब्बर मधात, छातीएवढं उंच. इकडून बसलेल्याले तिकडचा माणूस दिसे ना. विश्वनाथ म्हणे, "चंद्रभान, हे जरा... मोठं नाही वाटत?"

"काकाजी, तुमीच तं मोठं मांगतलं होतं."

विश्वनाथ ऑफिसात असता तर फाईलवर शेरा मारला असता.

गाडी जॅकवरून खाली उतरवली तर नवीनच लफडं. इंजिनाच्या वजनानं तिचं नाक जमिनीले टेकलं अन् शेपटी वर झाली. जशी म्हैस टाक्यात तोंड घालून पाणी पिऊन राहिली. चंद्रभाननं उपाय काढला, मांगं रेतीची पोती भरली. गाडी सरळ झाली. पण मांगं सगळी रेती. नत्थूजीनं चक्कर मारून पाहिलं अन् म्हणे, "बम भारी झाली गा गाडी. आता सामान कुठं ठेवशीन?"

विश्वनाथ रुमालानं चष्मा पुसत राहिला. चष्मा स्वच्छच होता.

मंग बॅटऱ्या. बसच्या इंजिनाले डबल बॅटरी लागते. ती जोडली तर पिकअपचे दिवे फट फट फुटले, अन् वायपर असा भन्नाट फिरला का तुटून मीराबाईच्या गच्चीवरच्या कुरड्याईत जाऊन पडला. मीराबाई वायपर हातात धरून खाली आली. "काहून गा विश्वनाथ? माह्या कुरड्याईनं काय बिघडवलं होतं तुह्यं?"

पण खरी गंमत इंजिन पहिल्यांदा गल्लीत सुरू झालं तेव्हाची. आवाज? माय वो! भांडी फळ्याईवरून आपोआप खाली आली. नत्थूजीच्या दुकानातली साखर अन् रवा एकमेकात मिसळून शिऱ्याच्या तयारीले लागले. सक्करदऱ्याच्या तलावातली बदकं जी उडाली ती भंडाऱ्याले उतरली. अन् भीमाबाईची म्हैस गाडीच्या बाजूलेच बांधली होती. तिनं त्या सांजेले दूध दिलंच नाही. ताक दिलं. भीमाबाईनं बादली आणून दाखवली, वर लोणी तरंगून राहिलं होतं. मी बोट लावून चाखलं. आंबट नव्हतं, हे कबूल करते.

पण ह्या राक्षसाले पाणी पाजणारं रेडिएटर राहिलं होतं जुनंच, पिकअपचं. हत्तीले वाटीनं पाणी पाजावं तसं. चौकापर्यंत जाऊन यावं तर इंजिन असं तापे का वर पापड भाजावा. तिथं विश्वनाथचं डोकं चाललं. चंद्रभान गावले गेला होता अन् मारबत तोंडावर आली होती. आता नागपूरच्या माणसाले काही गरम झालेलं दिसलं तर त्याच्या मनात पहिले काय येईन? कूलर! ह्यानं घरचा कूलर उचलला, उन्हाळा संपलाच होता, अन् गाडीच्या नाकावर तारेनं बांधला. ताटीतलं गवत, पंप, पाण्याची टाकी, सगळ्यासकट. यमूनं दारातून पाहिलं. "तुम्ही कधी घरचा पंखा दुरुस्त केला नाही जी," ती म्हणे, "अन् इंजिनाले कूलर लावून राहिले?"

"पाहशील तू," विश्वनाथ म्हणे. तार बोटात गुंतली होती, पण शब्द मोठ्या माणसाचे होते.

आता अडचण परवानगीची. इंजिन बदललं का ऑफिसात दाखवावं लागते. कोणतं ऑफिस ते नाव मी घेत नाही, मले अजून तिकडं काम पडते. विश्वनाथ नत्थूजीले सोबत घेऊन गेला. साहेबानं बाहेर येऊन गाडीभोवती एक फेरी मारली, देवळात मारतात तशी.

"काय आहे हे?"

"पिकअप आहे साहेब."

"इंजिन कायचं?"

"बसचं."

"मग बस झाली. संकटकाळी बाहेर पडायचं दार कुठं आहे?"

"साहेब, दोनच जण बसतात हिच्यात."

"दोघांवर संकट येत नाही का? अन् हा कूलर? म्हणजे वातानुकूलित बस. तिचे नियम वेगळे. उद्या या."

उद्या या! अख्खी नोकरी विश्वनाथनं हे दोन शब्द लोकाईले वाटले होते. ऐकायले कसे लागतात ते त्याले त्या दिवशी कळलं. मारबत दारात, यमूचा शब्द डोक्यावर, मारोतरावचा दोर डोळ्यासामोर. विश्वनाथ एकदम म्हणे, "साहेब, ही गाडी नाहीच. हा बडग्या आहे. मारबतीचा."

साहेबाचा चेहरा उजळला. "मग तसं बोला ना राजेहो! बडग्याले आमच्याकडं नियमच नाही. न्या खुशाल. पण त्या दिवशीच हो, दुसऱ्या दिवशी रस्त्यावर दिसला नाही पाहिजे."

नत्थूजी बाजूले उभा होता. त्यानं हे नीट ऐकलं, अन् त्याच्या कानात गेलेलं कधी वाया जात नाही.

मारबतीच्या दिवशी सकाळी रेतीची पोती उतरवली अन् त्या जागी गल्लीचा बडग्या चढवला. खड्ड्याचा होता, पोट सुटलेला ठेकेदार, हातात डांबराचा डबा. बडग्या कागदाचा, हलका, गाडीचं नाक पुन्हा खाली. मंग नत्थूजी अन् त्याच्याच मापाची वजनदार मंडळी मांगच्या फळीवर जाऊन बसली, तेव्हा कुठं नाक वर आलं. यमू शालू नेसून आपल्या बाजूनं चढून बसली. हात रिकामे. वीट घरी.

पूल आला. विश्वनाथनं डोळे मिटले. ड्रायव्हरनं मिटू नये, पण मिटले. अन् काय सांगू! पिकअप पुलावर अशी गेली जशी भांडणाची बातमी माहेरी जाते. मांगची मंडळी देवाचं नाव घेऊन राहिली, कूलरचं पाणी उडून राहिलं, सायकलीवाले कठड्याले चिकटले. वर पोचल्यावर विश्वनाथनं डोळे उघडले तर सगळं नागपूर खाली. तो रडून राहिला होता. धूर गेला डोळ्यात, असं तो अजून म्हणते.

पूल उतरल्यावर यमू खाली उतरली. गर्दीत तिले जमत नाही. पदराच्या गाठीतून कुंकू काढलं, गाडीच्या पत्र्यावर बोट टेकलं अन् म्हणे, "ठेवा." एवढंच. ऑटो पकडून घरी गेली.

गोष्ट इथंच संपली असती तर विश्वनाथ आज आपल्यात मान वर करून उठून-बसून राहिला असता.

इतवारीत मारबतीची गर्दी म्हणजे मुंगीले पाय ठेवायले जागा नाही. मिरवणूक चाले इंच इंच. अन् जे इंजिन वाऱ्यावर थंड राहे, ते उभ्या उभ्या तापायले लागलं. पहिले कूलरचं पाणी आटलं. मंग ताटीतलं गवत तापलेल्या लोखंडाले चिकटलं अन् धुमसायले लागलं. असा धूर निघाला, असा धूर निघाला, का पिवळी मारबत काळी दिसून राहिली! मंग एक नळी फुटली अन् काळं तेल सरळ विश्वनाथच्या तोंडावर. टकलापासून हनुवटीपर्यंत. फळीवरची मंडळी उड्या मारून पळाली, त्याच्यानं गाडीचं नाक धाडकन खाली अन् कागदाचा ठेकेदार तोंडावर पडला. विश्वनाथ स्टेअरिंग धरून जसा होता तसा बसून राहिला. हलला नाही. त्याच्यात हलायचं काही उरलं नव्हतं.

लोकं थांबले. एक जण ओरडला, "अरे, हा पाहा बडग्या! धुराचा बडग्या!" अन् मंग काय! "गाड्याईच्या धुराले घेऊन जा गे मारबत! हॉर्नले, डोकेदुखीले, खोकल्याले घेऊन जा गे मारबत!" अख्खी इतवारी त्या पिकअपवर ओरडून राहिली. कोणी हार घातला. कोणी फोटो काढले. एका म्हातारीनं छत्रीचं टोक विश्वनाथच्या दंडात टोचून पाहिलं.

"कायचा बनवला वं हा?"

"कागदाचा लगदा असन माय," तिची सून म्हणे.

"चेहरा मस्त केला. अगदी सगळं हरलेला. नाक मात्र जमलं नाही."

विश्वनाथ तेव्हाबी बोलला नाही. आता मी जिवंत आहे म्हटलं तर जास्त लाज का कमी, ह्याचा हिशोब त्याले लागे ना.

सांजेले इंजिन थंड झालं अन् तो कसाबसा गाडी घेऊन गल्लीच्या तोंडाशी आला. तिथं मीराबाई अन् भीमाबाई झाडू घेऊन उभ्या.

"गाडी आत नाही यायची," मीराबाई म्हणे.

"अहो, माझी गाडी आहे!"

"गाडी कुठली गा? बडग्या आहे तो. अख्ख्या नागपूरचा खोकला अंगावर घेऊन आला. माह्या घरात लहान नातू आहे."

"बडग्या तो कागदाचा होता! ही गाडी आहे, गाडी!"

तेव्हा नत्थूजी पुढं आला. गुडघा खरचटला होता. "विश्वनाथ, माह्यासामोर तू साहेबाले काय म्हटलं? 'ही गाडी नाहीच, बडग्या आहे.' तुह्याच तोंडानं. अन् लोकाईनं हारबी घातला. बडग्या कोणी वापस आणते का गा?"

विश्वनाथनं यमूकडं पाहिलं. यमू दारात उभी होती, आरतीचं ताट तयार करून. तिनं ताटाकडं पाहिलं, गाडीकडं पाहिलं. "मी तर ठेवा म्हटलं होतं जी," ती म्हणे. "पण सगळ्या गावची इडा-पिडा अंगणात कशी उभी करू? तुम्हीच सांगा." अन् निरांजन विझवून आत गेली.

गाडी रातभर तलावाच्या काठी उभी राहिली, वाळीत टाकल्यासारखी. सकाळी पेपरात फोटो आला. खाली छापलं होतं, यंदाचा सर्वात बोलका बडग्या, हताश मध्यमवर्गीय माणसाचा पुतळा हुबेहूब. जितेंद्रचा फोन आला. "भाऊजी, अभिनंदन! पुतळा कोणी बनवला हो?" विश्वनाथनं फोन यमूच्या हातात दिला.

जाळून टाकावी तर लोखंड जळत नाही. ठेवावी तर गल्ली ठेवू देत नाही. मारोतराव कबाडी आला तर तोबी हात लावे ना. गाडीवर कडुलिंबाच्या डहाळ्या टाकल्या, हातमोजे घातले, तेव्हा कुठं दोर बांधला. पण ओढून नेताना मांगच्या गाडीचं स्टेअरिंग कोणीतरी धरावं लागते. मारोतरावचा माणूस हात जोडून बाजूले झाला. तेव्हा विश्वनाथ स्वतः चढून बसला. आपली गाडी आपणच कबाडात न्यायची, बाप्पा! असं वैऱ्यावरबी येऊ नये.

दोर ताणला, अन् तेवढ्यात यमू घरातून आली. चपलाबी उलट्या घातल्या होत्या. कोणाकडं न पाहता दार उघडलं अन् आपल्या बाजूनं चढून बसली. मीराबाई ओरडली, "यमूताई, इडा-पिडा आहे वं त्याच्यात!" यमू म्हणे, "माहीत आहे. लग्न केलं आहे मी तिच्याशी."

पूल आला. मारोतरावची गाडी कण्हत कण्हत चढून राहिली, मांगं ही, मुकी. विश्वनाथ सामोर पाहून राहिला. निम्म्यावर आल्यावर म्हणे, "काल इथं कशी गेली होती, नाही?"

"हो," यमू म्हणे. "मी होते ना गाडीत. तुमचे डोळे मिटलेच असतीन, मी पाहिलं सगळं." अन् तिनं त्याच्या हातावर हात ठेवला, अन् पूल उतरेपर्यंत काढला नाही.

आता एवढ्या शपथा घेतल्या आहेत तर सांगूनच टाकते. म्हशीचं ताक खरं, बदकं भंडाऱ्याले उतरली ते खरं, म्हातारीची छत्रीबी खरी. हात ठेवला, ते तेवढं मी पदरचं घातलं. यमूनं हात लांबवला होता, हे मी रस्त्यावरून ह्या डोळ्यानं पाहिलं. पण पोचला नाही तो. मधात बसचं इंजिन होतं.